खाऱ्या पाण्याचा पहिला टँक, समुद्र शेजारी असूनही

2019 च्या ऑगस्टमध्ये उरणजवळच्या करंज्याहून सहा कॅन समुद्राचं पाणी आणलं. दोन दिवस गाळ बसू दिला, वरचं नितळ पाणी टँकमध्ये ओतलं आणि दोन निळे डॅमसेल मासे सोडले. चौथ्या दिवशी दोन्ही गेले. माझ्या छंदाची सुरुवात ही अशी.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नमुना लगेच फेकायचा नाही ही सवय हाडात मुरलेली, म्हणून त्या पाण्याची एक बाटली बूच घट्ट लावून कपाटात ठेवली होती. पुढे खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला तेव्हा सगळ्यात आधी तीच मोजली. विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) 1.014. खुल्या समुद्राचं 1.025 च्या आसपास असतं. भर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी भरलेलं पाणी, म्हणजे जवळजवळ निम्मा पाऊसच मी कॅनमधून घरी आणला होता. तरी नुसत्या त्याने मासे मेले नसते, बरेच मासे कमी खारेपणा सोसतात. त्यांना नेलं ते बहुधा अमोनियाने, कारण नव्याकोऱ्या टँकमध्ये तो पचवणारे जिवाणूच नव्हते. दोन चुका एकाच आठवड्यात. तुम्ही या दोन टाळल्यात तर बाकीच्या चुका परवडणाऱ्या असतात.

जागा आणि वजन

सुरुवात लहान टँकने करावी असं वाटतं, पण खाऱ्या पाण्यात लहान टँक जास्त छळतो. वीस लिटरमध्ये एक दाणा खाणं जास्त पडलं किंवा दिवसभरात तांब्याभर पाणी उडालं तरी आकडे हलतात. मी दुसऱ्यांदा तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक करून घेतला, 10 मिलिमीटर काचेचा. काठापासून दोन इंच खाली भरला की साधारण 170 लिटर पाणी बसतं. पाणीच पावणेदोनशे किलो, काच चाळीसेक किलो, दगड-वाळू, खालचं कपाट. सगळं मिळून पावणेतीनशेच्या पुढे. हा बोजा गॅलरीत ठेवायचा नाही, कितीही शोभून दिसला तरी. खोलीत, तुळई असलेल्या भिंतीला लावून ठेवा. खिडकीचं थेट ऊन नको. जवळ वेगळा प्लगपॉइंट हवा आणि घराच्या बोर्डाला आरसीसीबी (शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच) आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही. खाऱ्या पाण्याला हे फार लागतं, कारण ते जिथे पोचतं तिथे लोणा धरतं. माझ्या टँकच्या मागच्या भिंतीवर कोकणातल्या जुन्या घरासारखा पांढरा लोणा येतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसते.

टँकखाली थर्माकोलची शीट घाला, स्पिरिट लेव्हलने सपाटी बघा, आणि पहिल्यांदा साधं नळाचं पाणी भरून दोन दिवस तसाच ठेवा. गळायचं असेल तर ते मिठाच्या आधी गळू दे.

पाणी: इथे वेळ आणि पैसा दोन्ही घाला

घरी कोणीही आलं की हाच प्रश्न: समुद्र एवढा जवळ, मग विकतचं मीठ घालून पाणी कशाला बनवता? सासूबाईंनी तर वेगळाच विचारला. त्यांचं माहेर उरणकडचं, वडील मिठागरावर काम करायचे. मिठाची वीस किलोची बादली घरी आली तेव्हा किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्यात आमच्याकडे गाडीभर मीठ येईल."

येईल, पण चालणार नाही, आणि का चालणार नाही हे त्यांच्याच आठवणीतून मला नीट समजलं. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात आटत जातं. शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरतात, ते ओढून काढतात आणि मागे जे दाट पाणी उरतं ते सोडून देतात. "ते तोंडात धरवत नाही, कडू जहर," सासूबाई म्हणाल्या. तो कडूपणा मॅग्नेशियमचा. समुद्राच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. त्यातला सुमारे 85 टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. उरलेल्यात लिटरमागे सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, 400 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय पोटॅशियम, सल्फेट आणि पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट. मिठागर यातलं पहिलं तेवढं ठेवतं आणि बाकी बरंचसं टाकून देतं. टँकच्या मिठात हे सगळं प्रमाणात घातलेलं असतं. आपण पैसे भरतो ते त्या टाकून दिलेल्या कडू पाण्याचे.

मीठ विरघळवायचं ते गोडं पाणी मात्र शक्य तितकं कोरं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, वर फॉस्फेट आणि सिलिकेट आलं तर शेवाळाची चंगळ. स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका. आपल्याकडच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते. आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 80 च्या आसपास, प्युरिफायरचा 45 यायचा. मी साधा आरओ वेगळा बसवला आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, आता मीटर 0 दाखवतो. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर येतात तेव्हा नळाचाच टीडीएस सातशेच्या घरात जातो आणि रेझिन महिन्याभरात संपतं. त्यामुळे एप्रिल उजाडायच्या आत मी चार ड्रम भरून ठेवते. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि बाथरूमला.

कालवायची रीत सोपी आहे. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं की तळाशी क्षार इतके दाटतात की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. खाद्यपदार्थांसाठी चालणारा मोठा निळा ड्रम, आत एक छोटा पंप, लिटरमागे साधारण 37 ग्रॅम मीठ, मूठमूठ करून. रात्रभर फिरू द्यायचं आणि सकाळी मोजायचं. रिफ्रॅक्टोमीटर पंधराएक दिवसांनी तपासून घ्या, तोही 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग क्षार) ठरावीक द्रावणाने. नुसतं डीआय पाणी टाकून शून्यावर आणलं तर वरच्या आकड्यांना चूक राहून जाते. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त मिळतो, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो. नको.

दगड, वाळू, यंत्रं

इथे एक गोष्ट नीट ऐका. दुकानात कोणी "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचा सांगाडा दाखवला, किंवा दगडी प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी देऊ केली, तर हात मागे घ्या. 2001 साली ही मंडळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. म्हणजे कायद्याच्या नजरेत तो पांढरा दगड आणि वाघ एका यादीत. ती खरेदी बेकायदा आहे, आणि त्या पलीकडे, कुठल्यातरी किनाऱ्यावरून पहारीने उचकटून काढलेलं ते घर असतं. समुद्रावर फिरायला गेल्यावर पिशवीत तुकडा टाकून आणायचा मोहही तिथेच सोडा.

त्याऐवजी टँकसाठी बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक दगड मिळतो. मी 14 किलो घेतला. छिद्रं महत्त्वाची, कारण जिवाणू तिथेच वस्ती करतात. आधी दगड सरळ काचेवर टेकवून घट्ट मांडा, मग भोवती वाळू पसरा. वाळूवर दगड ठेवला आणि एखाद्या माशाने खालून उकरलं तर तो घरंगळून काचेवर येतो. चौपाटीची वाळू नको, ॲरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) घ्या, इंचभर थर पुरे.

यंत्रांत तीन: पाणी हलवायला वेव्हमेकर, तापमानाला थर्मामीटर (मुंबई-ठाण्यात हीटर फार क्वचित लागतो, पुणे-नाशिकला हिवाळ्यात लागेल), आणि प्रोटीन स्किमर. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसाबरोबर वर कपात ढकलतो. असा घट्ट, टिकाऊ फेस खाऱ्या पाण्यातच धरतो, म्हणून गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तो दिसत नाही. पहिल्यांदा कप उघडाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. आमच्याकडे ते काम फक्त मीच करते, आणि तेही घरात पाहुणे नसताना. दिवा साधा एलईडी चालतो, महागडे निळे दिवे प्रवाळांसाठी असतात.

हे सगळं मला 50 हजारांच्या आसपास पडलं, त्यात मासे नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर दिव्यात आणि कपाटाच्या लॅमिनेटमध्ये वाचवा, आरओ आणि टेस्ट किटमध्ये नको.

पाच आठवडे रिकामा टँक

एका दुकानदाराने मला "टाकी आज, मासे उद्या" असं सांगितलं होतं. जिवाणू बाटलीतून येतात, म्हणाला. बाटलीने मदत होते, पण उद्या नाही.

आत काय घडायचं असतं ते असं. माशाची घाण आणि सडलेलं खाणं यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यांना घाई कळत नाही. आणि खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्याने अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून आधी मासे न घालता जिवाणूंना जेवू घालायचं.

जुने लोक एक सोललेली कोळंबी टाकून ती सडू देतात. चालतं, पण घरभर वास आणि मोजमाप काहीच नाही. मी अमोनियम क्लोराइडचं द्रावण वापरलं, टँकमध्ये 2 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) अमोनिया दिसेल इतकं, आणि बाटलीतले जिवाणू ओतले. दिवा बंद, पंप चालू. माझ्या वहीत पुढचं असं आहे: सहाव्या दिवसापर्यंत अमोनिया 2 वरच. नवव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिली जांभळी छटा. सतराव्या दिवशी अमोनिया 0.5, नायट्राइट इतका की रंग तक्त्याच्या शेवटच्या चौकोनाच्या पलीकडे. मग तो दिवसेंदिवस तिथेच बसून राहिला, आणि या टप्प्यावरच बहुतेकांचा धीर सुटतो. चौतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घातला, चोवीस तासांनी बघितलं, परत दोन्ही शून्य. हीच खरी परीक्षा. एकदा शून्य आलं म्हणजे झालं असं नाही, घातलेला अमोनिया एका दिवसात पचला पाहिजे. त्यानंतर निम्मं पाणी बदललं, नायट्रेटही निम्म्यावर आला.

किटबद्दल माझ्या धंद्यातलं थोडं सांगते. नळी आधी टँकच्याच पाण्याने विसळा. थेंब टाकताना बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नायट्रेटच्या किटमध्ये दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, तळाशी पूड बसते, ती मिसळली नाही तर आकडा खोटा कमी येतो. घड्याळ लावा. रंग ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी पांढरा कागद मागे धरून बघा. आणि तारीख टाकून लिहा. "काल तर बरं होतं" हा लॅबमध्येही निरुपयोगी रिपोर्ट असतो.

मधेच कधीतरी वाळूवर, काचेवर तपकिरी साय येईल, जणू कोणी चहाची पूड उधळली. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, सिलिकेटवर वाढतात. घाबरून औषध घालू नका. काच पुसा, काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतात.

मासे

पहिले मासे क्लाउनफिश घ्या, ऑसेलारिस जातीचे, आणि हॅचरीत वाढलेले आहेत का ते विचारून घ्या. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी आहे, म्हणजे हा मासा आपल्या दाराशी वाढतो. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा हा दाण्यांना लवकर तोंड लावतो आणि कमी घाबरतो. एक थोडा मोठा, एक लहान अशी जोडी निवडा. सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा, दांडगा असतो तो मादी होतो, आणि ती गेली तर मागे राहिलेला नर मादी होतो. हे सांगितल्यावर सासूबाई टँकसमोर बराच वेळ बसल्या होत्या. "घरात मोठी तीच बाई," एवढंच म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या. क्लाउनफिशना ॲनिमोनी (समुद्रात ते ज्यात राहतात तो फुलासारखा प्राणी) लागतंच असं नाही. आमची जोडी पंपामागच्या कोपऱ्यात झोपते.

क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या बाजारात निळा टँग दिसेल, मुलं हट्ट धरतील. तो फूटभर वाढतो, तीन फुटी टँकमध्ये त्याला वळायलाही जागा नाही. मँडरिन फार देखणा, पण जिवंत सूक्ष्म कवचधारी जीव सोडून सहसा काही खात नाही, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. डॅमसेल स्वस्त आणि काटक असतो, म्हणून नवशिक्याच्या गळ्यात मारतात. एकदा त्याने टँक आपला मानला की नंतर येणाऱ्या प्रत्येकाला चावतो, आणि त्याला परत पकडायला सगळे दगड उपसावे लागतात.

दुकानात मासा खाताना दाखवायला सांगा. कल्ल्यांची धाप, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, चिकटलेले पंख, यातलं काही दिसलं तर त्या टँकमधलं काहीच घ्यायचं नाही.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळतं. मासा तास-दोन तासांतच आणला असेल तर बादलीत घेऊन अर्धा तास थेंबथेंब टँकचं पाणी सोडा. पण लांबून, रात्रभर पिशवीत आलेला असेल तर उलट. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. अशा माशाला तासभर त्याच पाण्यात ठेवण्यापेक्षा, आधीच तेवढ्याच खारेपणाचं पाणी तयार ठेवून पटकन हलवलेलं बरं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीही ओतू नका.

तो हलवायचा कुठे, तर आधी क्वारंटाइनमध्ये. साधा 50 लिटरचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. महिनाभर. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, क्रिप्टोकॅरिऑन, माशावर दिसतो तेवढाच नसतो. परजीवी माशावरून गळतो, वाळूत पुटी करून बसतो आणि तिथून शेकडो पिल्लं परत मासा शोधतात. एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो. तांब्याचं औषध चालतं, पण फक्त टबमध्ये, आणि तांब्याच्या टेस्ट किटने मोजून. मुख्य टँकमध्ये गेलं तर गोगलगायी, खेकडे, कोळंब्या संपल्या, आणि दगडात मुरलेलं तांबं सहज निघत नाही.

जोडी आत गेल्यावर पुढचा महिना काहीही आणू नका. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच खाणं. दहा-पंधरा दिवसांनी पंधरा-वीस टक्के पाणी बदला. मीठ कालवलेला ड्रम आधीच तयार हवा, तापमान जुळवलेला.

मे महिना आणि गणपती

मेमध्ये आमची खोली 33 अंशांवर जाते, पंपांची उष्णता धरून टँक 31. क्लाउनफिशला 25 ते 27 बरं. चिलर परवडला तर उत्तम, मला नाही परवडला. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावला की तीनेक अंश उतरतात, पण ते उतरतात पाणी उडाल्यामुळे. माझ्याकडे दिवसाला चार लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. चार दिवस दुर्लक्ष केलं तर 1.025 चं 1.028 होतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या, डीआय पाण्याची. खारं पाणी घातलं तर तुम्ही स्वतःचं मिठागर चालवताय. काचेवर टेपची रेघ मारून ठेवा, रोज त्या रेघेपर्यंत. पावसाळ्यात हवाच ओली, पंखा फारसा काम करत नाही, पण तेव्हा खोलीही थंड असते. वीज गेली तर पहिल्यांदा संपतो तो प्राणवायू, बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप चार्ज करून टँकखालीच ठेवा.

गणपतीला पाच दिवस गावाला जायचं तर मासे उपाशी मरत नाहीत, पाणी मात्र उडत राहतं. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंना चावी दिली. "गोडं पाणी" लिहिलेल्या पाच बाटल्या भरून ठेवल्या आणि गोळ्यांच्या डबीत रोजचं खाणं मोजून ठेवलं, म्हणजे मायेने जास्त पडायला नको. खाऱ्या पाण्याचा ड्रम बाथरूमला कुलूप लावून आत. दुसऱ्या रात्री साडेदहाला आरती चालू असताना काकूंचा फोन. "अगं, तुझा मोठा मासा कोपऱ्यात आडवा पडलाय गं, हलत नाहीये." टाळ-झांजांत मी ओरडून सांगितलं, काकू, दिवा बंद करा, ती झोपलीये.